परदेशातील वंचित बालकांसाठी स्वयंसेवी परिचर्या

नोंदणीकृत परिचारिकेने अथवा परिचारकाने वेतन न घेता, किंवा केवळ निर्वाहभत्त्यावर, दुसऱ्या देशात जाऊन दारिद्र्य, युद्ध किंवा विस्थापन यांमुळे आरोग्यसेवेला मुकलेल्या मुलांची केलेली शुश्रूषा. निर्वासितांच्या छावण्या, पोषण पुनर्वसन केंद्रे, लसीकरण मोहिमा, दुभंगलेले ओठ व टाळू यांवर शस्त्रक्रिया करणारी पथके आणि जिल्हा रुग्णालयांतील बालविभाग ही या सेवेची मुख्य क्षेत्रे होत. नेमणूक एकदोन आठवड्यांची असते, तशीच दोन वर्षांचीही असते आणि कामाचे स्वरूप बरेचसे या कालावधीवरच ठरते. शस्त्रक्रिया पथकातील अनुभवी परिचारिका थोड्या दिवसांत नेमके काम पुरे करून परतू शकते. बालविभागात मात्र तेवढे दिवस भाषा, औषधांचा साठा आणि सहकारी यांची ओळख होण्यातच जातात.

या कार्याची आधुनिक परंपरा पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीपासून सुरू होते. ब्रिटन व मित्रराष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे जर्मनी व ऑस्ट्रिया येथील मुले अन्नाविना मरत असताना ब्रिटिश समाजसेविका एग्लंटाइन जेब यांनी १९१९ मध्ये लंडनमध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था स्थापन केली. शत्रुराष्ट्रांतील मुलांसाठी मदत मागणे त्या काळी मोठ्या धैर्याचे होते. त्यांनी लिहिलेला बालहक्कांचा मसुदा राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये जिनीव्हा येथे स्वीकारला आणि भुकेल्या मुलाला अन्न व आजारी मुलाला शुश्रूषा मिळालीच पाहिजे, हे तत्त्व प्रथमच आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले. पुढे १९७१ मध्ये पॅरिसमध्ये ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’ (सीमारहित डॉक्टर), १९७८ मध्ये रुग्णालयजहाजे चालवणारी ‘मर्सी शिप्स’ आणि १९८२ मध्ये दुभंगलेल्या ओठ-टाळूंवर शस्त्रक्रिया करणारी ‘ऑपरेशन स्माइल’ या संस्था निघाल्या. मर्सी शिप्सच्या जहाजांवरील परिचारिका आपला प्रवास आणि राहण्याचा खर्चही सामान्यतः स्वतःच उचलतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील अहवालानुसार २०१८ मध्ये जगात ५९ लाख परिचारिकांची कमतरता होती आणि तिच्यापैकी ८९ टक्के कमतरता अल्प व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत होती. एवढी उणीव पाहुण्या स्वयंसेवकांनी भरून निघणारी नाही. म्हणून त्यांच्या सेवेचे मोल त्यांनी किती मुलांवर स्वतः उपचार केले यापेक्षा, त्या निघून गेल्यावर तिथल्या परिचारिका आणि माता काय करू शकतात यावरून ठरवणे अधिक न्याय्य आहे.

पोषण केंद्रातील कामावरून हे चांगले समजते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर रंगीत पट्टी गुंडाळून दंडघेर मोजला जातो. तो ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल तीव्र कुपोषित ठरते. त्यानंतर दोन्ही पावलांवर अंगठा काही क्षण दाबून धरतात आणि उचलल्यावर खळगा तसाच राहतो का, हे पाहतात. राहिल्यास ती कुपोषणाची सूज असते व दंडघेर कितीही असला, तरी उपचार आवश्यक असतात. मुलाला भूक असेल आणि गुंतागुंत नसेल, तर शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, तेल व साखर यांपासून बनवलेले तयार उपचारात्मक अन्न देऊन त्याला घरी पाठवता येते. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व अन्य संयुक्त राष्ट्र संस्थांनी २००७ मध्ये या समुदायाधारित पद्धतीचा पुरस्कार केला. दंडघेर मोजणे आईलाही शिकवता येते, आणि ज्या आईने ते शिकून घेतले आहे तिला मूल खालावत असल्याचे वेळेवर कळते.

गंभीर अवस्थेतील मुलाला दाखल करून घेतल्यावर सुरुवातीला ‘एफ-७५’ हे दुधाचे मिश्रण दर दोनतीन तासांनी, रात्रीही न चुकता, थोडे थोडे पाजावे लागते, कारण रक्तातील साखर उतरणे आणि अंग गार पडणे हे धोके पहाटेच्या वेळी अधिक असतात. सुसज्ज अतिदक्षता विभागातून आलेल्या परिचारिकेने इथे विशेष सावध राहायला हवे. अतिसाराने सुकलेल्या मुलाला भरभर सलाइन देण्याची तिची सवय तीव्र कुपोषित मुलाच्या दुबळ्या हृदयाला झेपत नाही. अशा मुलाला शॉक (रक्ताभिसरण कोलमडण्याची अवस्था) नसेल, तर द्रव तोंडाने किंवा नळीने, हळूहळू दिला जातो. तीव्र कुपोषित नसलेल्या मुलांबाबतही हा प्रश्न गंभीर आहे. केनिया, युगांडा व टांझानिया येथील, तापाने अत्यवस्थ झालेल्या आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या ३,१४१ मुलांच्या अभ्यासात शिरेतून वेगाने द्रव दिल्यास पहिल्या ४८ तासांतील मृत्यू वाढतात, असे २०११ मध्ये दिसून आले. या मुलांच्या रुग्णालयांत अतिदक्षतेच्या सोयी नव्हत्या. स्थानिक परिचारिका तेथील नियम सांगते, तेव्हा त्यामागे बहुधा असा अनुभव असतो.

यजमान देशाची तात्पुरती नोंदणी, गुन्हेगारी पार्श्वभूमीची पडताळणी, बालसंरक्षणाच्या नियमांचे पालन आणि दुभाष्याची सोय या पूर्वअटी होत. स्वदेशात जे काम करण्याचा आपल्याला परवाना नाही ते परदेशात करू नये, या नियमाला आपत्तीतही सहसा अपवाद करू नये, कारण चूक झाल्यास दाद मागण्याची ताकद त्या मुलाच्या कुटुंबाकडे नसते.

अनाथालयांतील स्वयंसेवेवर सर्वाधिक टीका होते, आणि ती योग्य आहे. अशा अनेक संस्थांतील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. देणग्या व पाहुणे यांच्या ओघासाठी मुले संस्थेत ठेवली जाण्याचे प्रकार आढळले आहेत. शिवाय दर काही आठवड्यांनी माया लावून निघून जाणाऱ्या माणसांमुळे लहान मुलाची जवळीक पुन्हा पुन्हा तुटते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या बालहक्क ठरावात या धोक्याची दखल घेतली. परिचारिकेचे कौशल्य अशा ठिकाणी वापरायचेच असेल, तर ते संस्थेतील कायमच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आणि मुलांना कुटुंबात परत पाठवण्यापूर्वीच्या आरोग्यतपासणीसाठी वापरावे.

निघण्यापूर्वी गोवर, हिपॅटायटिस-बी आदी लसी पूर्ण असणे स्वयंसेविकेइतकेच मुलांच्याही हिताचे असते, कारण कुपोषित मुलाला गोवर जिवावर बेतू शकतो. परतल्यावर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. हिवतापाच्या प्रदेशातून आल्यानंतर प्रतिबंधक गोळ्या ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवाव्यात आणि पुढील काही महिन्यांत ताप आल्यास डॉक्टरांना प्रवासाची माहिती अवश्य द्यावी.