चढत्या-उतरत्या पाण्यात क्रॅपीची वीण कुठे शोधावी?

अमेरिकेतील टेनेसी नदीवर १९४४ मध्ये पूर्ण झालेल्या केंटकी धरणाचा जलाशय दरवर्षी एप्रिलच्या आरंभापासून हळूहळू भरत नेतात आणि मेच्या आरंभापर्यंत त्याची पातळी समुद्रसपाटीपासून ३५४ फुटांवरून ३५९ फुटांवर आणतात. पाच फूट म्हणजे जेमतेम दीड मीटर. पण जिथे काठ सपाट आहे तिथे एवढ्या वाढीने पाण्याची कड बरीच आत सरकते आणि हिवाळाभर कोरडी असलेली झुडपे बुडतात. नेमक्या याच काळात क्रॅपी हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यातला मासा विणीसाठी उथळ पाण्यात येतो. त्यामुळे मागच्या आठवड्यात जिथे मासे भरपूर लागत होते, तिथे आज गळ टाकणारा रिकाम्या हाताने परततो आणि मासे गेले कुठे, याचे कोडे त्याला पडते.

या कोड्यात वेळ आणि जागा हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर बराच उलगडा होतो. कोकणातील वलगणीचे मासे पहिल्या पावसाने चढलेल्या पाण्याच्या ओढीने वर धावतात. क्रॅपी मात्र पुराची वाट पाहत नाही. वसंतात दिवस मोठा होऊन पाण्याचे तापमान साधारण १६ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्याची वीण सुरू होते आणि १८ ते २० अंशांच्या आसपास ती भरात असते. मध्येच थंडीची लाट आली, तर मासे काही दिवस खोल पाण्यात परततात आणि वीण लांबते. पातळीतील चढउतार मुख्यतः ठरवतात ती जागा, म्हणून शोधाला निघताना पातळीच्या आकड्याआधी तापमापक पाहावा, हे उत्तम.

नर आधी काठाकडे येतो. एरवी रुपेरी दिसणाऱ्या या माशाचा जबडा आणि छाती या दिवसांत काळपट होते. तळाची माती शेपटी व परांनी झाडून तो एक उथळ खळगा करतो. जवळपास इतर नरांचेही असेच खळगे असतात, त्यामुळे एक मासा सापडला की त्याच टप्प्यात आणखी सापडण्याची शक्यता मोठी असते. मादी येते, अंडी घालते आणि खोल पाण्यात निघून जाते. सुमारे एक मिलिमीटर व्यासाची ती चिकट अंडी बुडालेल्या मुळांना, काड्यांना आणि गवताला धरून राहतात. दोन ते चार दिवसांत ती फुटेपर्यंत, आणि पिल्ले घरटे सोडीपर्यंतही, नर तिथेच राहून परांनी पाणी हलवत राहतो आणि इतर माशांना हुसकावतो.

पाणी संथ गतीने चढत असेल, तर नव्याने येणारे मासे कडेबरोबर आत सरकतात आणि वाळुंजाच्या कुळातील विलोच्या किंवा बटनबुश या पाणथळ झुडपाच्या नुकत्याच बुडालेल्या बुंध्यांशी जागा धरतात. आधीच अंडी राखत बसलेला नर मात्र बहुधा हलत नाही. त्याच्या डोक्यावरचे पाणी तेवढे वाढते. अशा वेळी नवी कड आणि जुन्या कडेचा आता खोल गेलेला टप्पा, असे दोन्ही धुंडाळावे लागतात, आणि दुसऱ्याचा विसर अनेकांना पडतो.

पाणी झपाट्याने उतरले, तर चित्र उलटे होते. खळगे उघडे पडतात, अंडी वाळतात, आणि मासे कोंडले जाण्याआधी लगतच्या खोल जागेत येतात: मुख्य पाण्यापासून बाजूला आत शिरलेल्या फाट्याच्या मुखाशी, बुडालेल्या ओंडक्यांपाशी, किंवा जिथून उथळ तळ एकदम खाली जातो त्या कडेला. म्हणून उतरत्या पाण्यात फाट्याच्या टोकाकडून नव्हे, मुखाकडून शोध सुरू करावा. काही दिवसांत पातळी स्थिरावली आणि पाणी उबदार राहिले, तर तिथूनच ते पुन्हा काठाकडे वळतात.

वाहती नदी असेल, तर मुख्य प्रवाह सोडूनच द्यावा. क्रॅपीचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे आणि उभे पसरट असते. जोराच्या धारेत टिकून राहण्यासाठी ते घडलेले नाही. शिवाय नदीने सोडून दिलेल्या जुन्या वळणांत आणि संथ फाट्यांत पाणी मुख्य पात्राच्या आधी तापते. गढूळपणाही ध्यानात घ्यावा लागतो: पांढरा क्रॅपी गढूळ पाणी बऱ्यापैकी सोसतो, तर काळा क्रॅपी नितळ पाणी आणि पाणवनस्पती पसंत करतो. घरटी बहुधा दीड मीटरच्या आत असतात, परंतु जिथे ऊन खोलवर पोहोचते अशा नितळ पाण्यात ती त्याहून खालीही आढळतात.

चढलेले पाणी काही आठवडे टिकले, तर बुडालेल्या जमिनीतील पोषक द्रव्यांवर सूक्ष्म जीव वाढतात आणि पिल्लांना खाद्य मिळते. क्रॅपीची संख्या एका वर्षी भरमसाट आणि पुढच्या वर्षी तुटपुंजी असते, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. टेनेसी खोऱ्याचे व्यवस्थापन करणारी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी उपनद्यांवरील जलाशयांत, पाच फूट खोलीवरचे तापमान ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८ अंश सेल्सिअस, झाले की दोन आठवडे पातळीत आठवड्याला एक फुटापेक्षा जास्त बदल होऊ न देण्याचा प्रयत्न करते. मात्र जोराचा पाऊस झाला, तर पूरनियंत्रणापुढे ही सवलत मागे पडते.