ओवा तळहातावर का चोळायचा?

आमच्या गॅलरीत तेलाच्या जुन्या डब्यात पानओवा लावला आहे. जाड, लवदार, कातरलेल्या कडांची पानं. पाहुणे सहज एखादं पान चिमटीत धरतात, बोटं नाकाशी नेतात आणि म्हणतात, "अरे, हा तर ओवा!" मसाल्याच्या डब्यातला ओवा याच झाडाला लागतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. डब्यातला ओवा जिरं, धणे, बडीशेप आणि शेपूच्या कुळातला. छत्रीसारखे फुलांचे झुबके येणारं ते झाड, आणि आपण ज्याला ओव्याचं बी म्हणतो ते त्याचं इवलंसं वाळलेलं फळ. पानओवा मात्र तुळस, पुदिना आणि सब्जाचा भाऊबंद. दोन्ही झाडांचं नातं फार लांबचं आहे, वास मात्र सारखा.

हा वास दोन रेणूंचा. डब्यातल्या ओव्यात मुख्य असतो थायमॉल. पानओव्यात थायमॉलच्या जोडीला त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा कार्व्हॅक्रॉल असतो. दोघांतही १० कार्बन, १४ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन. फरक एवढाच की ऑक्सिजन वेगळ्या जागी जोडलेला. थायमॉल हे नाव आलं युरोपातल्या थाईम या झुडपावरून. कॅस्पर नॉयमान या जर्मन रसायनतज्ज्ञाने १७१९ मध्ये तो थाईमच्या तेलातून वेगळा काढला. थाईमही तुळशीच्याच कुळातलं. म्हणजे दोन वेगळ्या कुळांनी आपापल्या वाटेने तोच रेणू घडवला.

झाडाने ही मेहनत आपल्या भज्यांसाठी घेतलेली नाही. किडे, बुरशी आणि चरणारी जनावरं यांना दूर ठेवायला ही तेलं कामी येतात. मधमाश्यांच्या पेट्यांत शिरणाऱ्या कोळीवर्गीय परजीवींवर मधपाळ आजही थायमॉल वापरतात. पण इतकं तिखट तेल झाडाला स्वतःच्याच पेशींपासूनही अलग ठेवावं लागतं. त्यासाठी प्रत्येक कुळाने वेगळी कोठारं बांधली, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या हाताच्या सवयी त्या कोठारांप्रमाणे पडल्या आहेत, हे मला या सगळ्यात फार सुंदर वाटतं.

तुळस, पुदिना आणि पानओव्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये असतं. म्हणून नुसतं बोट लागलं तरी वास सुटतो. ओव्याच्या फळात ते सालीतल्या बारीक नळ्यांमध्ये बंद असतं. म्हणून भज्यांच्या पिठात किंवा चकलीत ओवा घालताना आई तो आधी तळहातावर चोळते. नळ्या फुटल्या की तेल मोकळं. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. त्याचं पान उजेडासमोर धरून पाहा, बारीक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. गवती चहाचं तेल पात्याच्या आतल्या पेशींत असतं. अख्खं पातं जवळपास मुकं असतं, कात्रीने कापलं की मग बोलायला लागतं.

पुढचा प्रश्न, हे तेल पदार्थात टिकवायचं कसं? थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळतो, लिटरभर पाण्यात साधारण एक ग्रॅम. तेला-तुपात मात्र सहज. त्याचा उत्कलनबिंदूही २३० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणून चकली तळून निघाली तरी तिच्यात ओवा शाबूत असतो. फोडणीमागेही हेच आहे. गरम तेलात पडलेल्या जिऱ्याचा, कढीपत्त्याचा वास तेलात उतरतो आणि ते तेल आमटीभर पसरतं. तीच पानं नुसती पाण्यात उकळली तर एवढं हाती लागत नाही.

काढ्याचं गणित निराळं. उकळत्या पाण्याची वाफ सुगंधी तेलाला त्याच्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी खालीच सोबत घेऊन जाते. अत्तराच्या भट्ट्या याच तत्त्वावर चालतात. गवती चहातला लिंबासारखा वास सिट्रल या रेणूचा. उघड्या पातेल्यात गवती चहा दहा मिनिटं उकळला की घरभर दरवळतो, आणि आपण खूश होतो. पण घरात दरवळतो तो पातेल्यातून निघून गेलेला सिट्रल. पाणी उकळलं की गॅस बंद करावा, कापलेली पाती टाकावी आणि पाचेक मिनिटं झाकण ठेवावं. झाकणाला जमलेले थेंब परत पातेल्यातच पाडावेत. फरक पहिल्या घोटालाच कळतो.

कोथिंबीर याहून नाजूक. तिचा वास येतो अल्डिहाइड गटातल्या रेणूंमुळे. उष्णता त्यांना सोसत नाही, म्हणून ती शेवटी भुरभुरायची. काही माणसांना कच्ची कोथिंबीर साबणासारखी लागते. ते नखरे नसतात. २०१२ मध्ये हजारो लोकांच्या जनुकीय माहितीवरून झालेल्या अभ्यासात या नावडीचा संबंध ओआर६ए२ या गंधग्राही जनुकाजवळच्या फरकाशी आढळला. अशा मंडळींना कोथिंबीरवडी एकदा खाऊ घालावी. वाफवून, तळून त्या वासाची धार बरीच गेलेली असते.

पुदिन्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. बाजारात जुडीने मिळणाऱ्या पुदिन्याचा मुख्य रेणू मेंथॉल नसून कार्व्होन असतो. आणि बाळंतिणीला जेवणानंतर देतात त्या बाळंतशोपांमध्ये, म्हणजे शेपूच्या दाण्यांमध्येही कार्व्होनच असतो. मग दोन्हींचा वास इतका वेगळा का? कारण एक रेणू दुसऱ्याची आरशातली प्रतिमा आहे, डावा हात आणि उजवा हात असावेत तसे. अणू तेच, जोडण्याही त्याच, पण एकावर दुसरा ठेवला तर जुळत नाही. नाकातल्या ग्राहींना, म्हणजे वास टिपणाऱ्या रेणूंना, हे डावं-उजवं कळतं. रसायनशास्त्राचा एवढा मोठा धडा चटणीत आणि शोपांच्या डबीत आहे, हे मुलांना शाळेत हुंगायला देऊन शिकवायला हवं.

मेंथॉल असतो पेपरमिंटमध्ये आणि उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या परिसरात मोठ्या प्रमाणावर पिकणाऱ्या मेंथा पिकात. तो जिभेला थंड लागतो, पण थर्मामीटर लावला तर तापमान उतरलेलं नसतं. आपल्या चेतातंतूंवर टीआरपीएम८ नावाचा ग्राही असतो. एरवी तो गारव्याने जागा होतो, पण मेंथॉलही त्याला जागा करतो आणि मेंदूला 'गार' असा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांच्या गटांनी हा ग्राही २००२ मध्ये ओळखला. तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहींवरील कामासाठी दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल याच घराण्यातल्या टीआरपीव्ही३ या ऊब जाणवणाऱ्या ग्राहीला जागं करतात. आपण ओव्याला उष्ण आणि पुदिन्याला थंड म्हणतो. निदान तोंडातल्या जाणिवेपुरतं त्याचं कारण इथे सापडतं.

सर्दीत मेंथॉलचा वास घेतला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. मोजमाप केलं तर हवेचा प्रवाह तेवढाच भरतो, गार हवा आत जातेय ही जाणीव तेवढी वाढलेली असते. गरम पेयाचंही थोडंफार असंच. ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये २००८ साली सर्दी झालेल्या ३० जणांवर प्रयोग झाला. गरम सरबताने खोकला, घशाची खवखव आणि थकवा लगेच हलका वाटला. तेच सरबत गार न करता नुसतं खोलीच्या तापमानाला दिलं, तेव्हा एवढा आराम पडला नाही. नाकातला प्रवाह मात्र दोन्ही वेळी बदललेला नव्हता. म्हणून हे उपाय खोटे ठरतात असं मी मानत नाही. रात्री झोप लागणं ही आजारी माणसासाठी मोठी गोष्ट आहे. फक्त आराम पडला म्हणजे आजार गेला, असं समजून चार दिवस ताप अंगावर काढू नये.

पान आणि पानाचा अर्क यांत मात्र फार अंतर आहे. ओव्याचं फूल (म्हणजे थायमॉलचे स्फटिक), पुदिन्याचं फूल (म्हणजे मेंथॉल) आणि कापूर हे तिन्ही घन पदार्थ सारखे घेऊन बाटलीत हलवले, तर काही वेळात त्यांचं पाणी होतं. एकमेकांत मिसळले की त्यांचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली उतरतो. हीच अमृतधारा. अनेक घरांत ती फडताळात सहज हाताला लागेल अशी असते. यातला कापूर पोटात गेला तर लहान मुलाला थोड्या मात्रेतही झटके येऊ शकतात, आणि तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल लावल्याने श्वास अडखळल्याच्या नोंदी आहेत. बाटली कुलपात ठेवा. बाळाला ओव्याच्या पुरचुंडीचा शेक द्यायचाच असेल, तर पुरचुंडी तव्यावरून उचलल्यावर आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहा, आणि नाकापासून लांब ठेवा.