दृश्यरचना, सोलापुरी चादरीतील

ठरावीक मापाच्या अवकाशात रेषा, आकार, रंग, छटा आणि पोत यांची मांडणी म्हणजे दृश्यरचना. समतोल, लय, प्रमाण, विरोध, सुसंवाद, प्राधान्य आणि एकात्मता ही तिची सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी तत्त्वे होत. एलिमेंटरी व इंटरमीजिएट चित्रकला परीक्षांतील संकल्पचित्रामुळे ती महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्याही परिचयाची आहेत, त्यामुळे त्यांच्या व्याख्या येथे दिलेल्या नाहीत. सोलापूरच्या जेकार्ड (छिद्रे पाडलेल्या पट्ट्यांच्या साहाय्याने नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवरील) चादरीत ही तत्त्वे मागाच्या यंत्रणेशी कशी बांधलेली असतात, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

तत्त्वांच्या या यादीचा उगम वादग्रस्त आहे. भारतीय परंपरेत चित्राची सहा अंगे सांगितली जातात : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. या षडंगांचे श्रेय अनेकदा थेट वात्स्यायनाला दिले जाते. परंतु संबंधित श्लोक कामसूत्रात नसून त्यावरील यशोधराच्या जयमंगला टीकेत येतो. टीकेचा काळ सामान्यतः इ. स. तेराव्या शतकाच्या आसपास मानतात. श्लोक यशोधराचा स्वतःचा की जुन्या परंपरेतून घेतलेला, याबद्दल एकमत नाही. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण चौसष्ट कलांपैकी आलेख्याचे (चित्रकलेचे) विवरण करताना ओघात आलेला हा श्लोक परिचित वचनासारखा वापरलेला दिसतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अवनींद्रनाथ टागोरांच्या लेखनामुळे षडंगांना नव्याने प्रसिद्धी मिळाली. मात्र समतोल आणि लय ही त्यांत स्वतंत्रपणे येत नाहीत. लावण्ययोजनात ती अध्याहृत धरावी लागतात. आज वर्गात शिकवली जाणारी यादी मुख्यतः पाश्चात्त्य कलाशिक्षणातून आलेली आहे. अमेरिकन कलाशिक्षक आर्थर वेस्ली डाव यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठ्यपुस्तकात विरोध, संक्रमण, गौणत्व, पुनरावृत्ती आणि सममिती अशी पाचच तत्त्वे होती. पुढे जर्मनीतील बाउहाउस (१९१९–३३) या संस्थेतील प्राथमिक अभ्यासक्रमाने अशा शिक्षणाला वळण दिले. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेमुळे महाराष्ट्राचा पाश्चात्त्य पद्धतीशी संबंध त्याआधीच जुळला होता.

सोलापुरातील विणकामाचा आरंभ परंपरेने पेशवाईत, विशेषतः थोरल्या माधवरावांच्या काळात, धरला जातो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तो व्यवसाय वाढवला. १८७० च्या दशकात येथे कापडगिरणी उभी राहिली. सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले.

चादरीची रचना ठरते ती जेकार्ड यंत्रणेवर. छिद्रांच्या साहाय्याने नक्षी विणण्याचे प्रयत्न फ्रान्समध्ये बुशाँ (१७२५) आणि फाल्कन यांनी केले होते, व्होकान्सन यांनीही त्यात भर घातली. जाकार यांनी १८०४ च्या सुमारास त्यांची सांगड घातली; यंत्रणेला जेकार्ड हे नाव त्यांच्यावरूनच पडले. पुठ्ठ्याच्या पट्टीवर जेथे छिद्र तेथील हुक वर उचलला जातो आणि त्याला जोडलेला ताण्याचा (उभा) धागा वर येतो. एका आडव्या धाग्यासाठी एक पट्टी लागते. उदाहरणादाखल, यंत्राला ४०० हुक असतील आणि इंचात ताण्याचे ४० धागे असतील, तर एकेरी विणीत नक्षीचे एक आवर्तन १० इंचांचे होते आणि ६० इंच रुंदीत ते सहा वेळा येते. संकल्पकाराच्या आवडीनिवडीचा येथे संबंध नाही. मोठी नक्षी हवी असल्यास हुक व ताण्याचे धागे जोडणाऱ्या दोऱ्या आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलटसुलट बांधतात. तेवढ्याच हुकांत २० इंचांचे आवर्तन मिळते, फक्त त्याचा उजवा भाग डाव्याची प्रतिकृती असतो. समोरासमोर तोंड करून उभे असलेले मोर या बांधणीला फार सोयीचे पडतात. पट्ट्यांची माळ उलट फिरवली की हीच गोष्ट लांबीच्या दिशेनेही साधते आणि दोन्ही टोकांचे काठ एकमेकांचे प्रतिबिंब होतात. सममित समतोल हा भारतीय मनाचा विशेष असल्याचे विवेचन अधूनमधून वाचायला मिळते. चादरीपुरते तरी ते तपासून घेतलेले बरे.

प्रतलावर नक्षीच्या पुनरावृत्तीचे, सममितीच्या प्रकारानुसार, एकूण १७ गट आहेत, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. त्यांपैकी १२० किंवा ६० अंशांच्या भ्रमणाचे (तेवढे फिरवल्यास नक्षी पुन्हा जशीच्या तशी दिसते असे) पाच गट काटकोनात छेदणाऱ्या धाग्यांवर अचूक उतरत नाहीत. षट्कोनी जाळी विणलेली दिसते ती डोळ्याने मान्य केलेली तडजोड असते.

प्रमाणाचा प्रश्न ग्राफवर, म्हणजे नक्षी आखण्याच्या घरांच्या कागदावर, सुटतो. इंचात उभे धागे ४० आणि आडवे ३० असतील, तर एका घराची उंची रुंदीच्या ४:३, म्हणजे सुमारे १.३३ पट लागते.  चौरस घरांच्या कागदावर काढलेले वर्तुळ अशा कापडावर उभट अंडाकृती होते. सुवर्णप्रमाणाचा (सुमारे १:१.६१८) उल्लेख या संदर्भात हटकून केला जातो. जर्मन मानसशास्त्रज्ञ फेखनर यांनी १८७६ मध्ये आयतांच्या पसंतीचे प्रयोग मांडले खरे, पण नंतरच्या चाचण्यांत त्या निष्कर्षाला सातत्याने दुजोरा मिळालेला नाही. चादरीचे माप तर पलंग आणि मागाची रुंदी यांवरच ठरते.

आकृती व पृष्ठभूमी यांचे नाते दुपदरी विणीत सर्वांत स्पष्ट होते. तेथे दोन रंगांचे दोन थर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या कडेला त्यांची अदलाबदल होते. परिणामी सुलट बाजूला तांबड्यावर पांढरा मोर असेल, तर उलट बाजूला पांढऱ्यावर तांबडा दिसतो. या अदलाबदलीनेच थर एकमेकांना जखडले जातात. आकृती फार मोठी घेतली तर मध्ये पिशवीसारखा पोकळ भाग राहतो. म्हणून मोराच्या अंगात ठिपके, पिसाऱ्यात डोळे आणि मोकळ्या जागेत पानेफुले पेरतात. रिकामी जागा न सोडण्याची ही खोड केवळ सजावटीच्या हौसेपोटी नाही. दोन्ही थरांचे धागे हुकांतच वाटले जात असल्याने आवर्तनही आणखी लहान होते.

प्राधान्याचे तत्त्व मात्र येथे दुर्बळ ठरते. सारखीच आकृती सहा वेळा आली की नजर एका ठिकाणी थांबत नाही, काठावरून फिरत राहते. एकच मध्यवर्ती विषय घेऊन विणलेल्या भिंतीवरच्या चित्रांत (वॉल हँगिंग) हे बदलते. तिथे आवर्तनच नसते, परंतु हुक आणि पट्ट्या त्या मानाने पुष्कळ लागतात.

संगणकावर नक्षी तयार करण्याची सोय आणि इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आल्यापासून पट्ट्यांची संख्या ही अडचण उरली नाही. लांबीच्या दिशेने नक्षी कितीही वाढवता येते. रुंदीला मात्र हुकांची संख्या आजही आडवी येते.