विदाप्रकारांची आंतरभाषिक सुसंगती

एकच संगणकप्रणाली दोन किंवा अधिक प्रोग्रॅमिंग भाषांत लिहिलेली असताना एका भाषेत मांडलेले मूल्य दुसऱ्या भाषेत त्याच अर्थाने, त्याच मर्यादेत व अचूकता न गमावता वाचले जावे, यासाठी योजलेले संकेत आणि साधने या संज्ञेखाली येतात. प्रचलित पद्धतीत विदेचे (डेटाचे) वर्णन एका तटस्थ वर्णनभाषेत एकदाच केले जाते आणि त्यावरून प्रत्येक भाषेतील प्रकारांच्या व्याख्या व रूपांतराचा कोड साधनाकडून तयार करून घेतला जातो.

अडचणीचे मूळ प्रकारांच्या नावांत नसून त्यांच्या व्याप्तीत आहे. सी भाषेतील ‘लाँग’ हा पूर्णांक ६४-बिट लिनक्सवर सामान्यतः ६४ बिटांचा, तर ६४-बिट विंडोजवर ३२ बिटांचा असतो. जावातील ‘लाँग’ सर्वत्र ६४ बिटांचाच असतो. पायथनच्या पूर्णांकाला ठरावीक मर्यादा नाही. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या ६४-बिट फ्लोटिंग पॉइंट (तरत्या दशांशचिन्हाच्या) स्वरूपात साठवली जात असल्याने ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ च्या पुढील प्रत्येक पूर्णांक तीत अचूक बसेलच असे नाही आणि जवळचे मूल्य घेतले जाताना कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. याच कारणाने ट्विटरने २०१० मध्ये संदेशांचे क्रमांक संख्येसोबत स्ट्रिंग (अक्षरमाला) म्हणूनही देण्यास सुरुवात केली.

तटस्थ वर्णनाच्या कल्पनेचा उगम कोठे मानावा याविषयी एकवाक्यता नाही. दूरस्थ प्रक्रिया-आवाहनाच्या, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरील प्रक्रिया चालवण्याच्या तंत्राच्या, इतिहासात ब्रूस नेल्सन यांचा कार्नेगी मेलन विद्यापीठातील १९८१ चा प्रबंध आणि त्यांनी अँड्र्यू बिरेल यांच्यासह १९८४ मध्ये लिहिलेला निबंध आरंभस्थानी ठेवण्याची प्रथा आहे. याच विद्यापीठात, साधारण त्याच काळात, नेस्टर, वुल्फ आणि लँब यांनी कंपाइलरच्या (आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीच्या) वेगवेगळ्या टप्प्यांमध्ये विदेची देवाणघेवाण करण्यासाठी एक वर्णनभाषा रचली व तिला ‘इंटरफेस वर्णन भाषा’ असेच नाव दिले. त्यामुळे काही अभ्यासक कंपाइलरशास्त्राकडे बोट दाखवतात. मात्र जेम्स व्हाइट यांनी १९७६ च्या आरएफसी ७०७ या तांत्रिक टिपणात आर्पानेटसाठी (इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यासाठी) प्रक्रिया-आवाहनाची चौकट मांडताना विदाप्रकारांचाही विचार केला होता. झेरॉक्सचे ‘कुरिअर’ प्रमाणक १९८१ चे असून सीसीआयटीटी या दूरसंचारविषयक आंतरराष्ट्रीय समितीच्या १९८४ मधील एक्स.४०९ या शिफारशीवर, म्हणजे पुढे एएसएन.१ या नावाने रूढ झालेल्या वर्णनभाषेच्या पूर्वरूपावर, त्याचा प्रभाव होता असे मानले जाते. नेल्सन यांचे योगदान प्रामुख्याने आवाहनाच्या यंत्रणेविषयी आहे. विदाप्रकारांपुरते बोलायचे तर व्हाइट यांच्यापासून निघणारा हा धागा अधिक ग्राह्य वाटतो.

मूल्ये प्रत्यक्ष पाठवताना दोन भूमिका दिसतात. सन मायक्रोसिस्टिम्सच्या एक्सडीआर या प्रमाणकात (आरएफसी १०१४, १९८७) प्रत्येक घटक चार बाइटांच्या पटीत आणि सर्वांत मोठ्या स्थानमूल्याचा बाइट आधी ठेवून लिहिला जातो. पाठवणारे आणि घेणारे यंत्र एकाच उलट क्रमाचे असले तरी दोघांनाही बाइटांची अदलाबदल करावी लागते. डीसीई या वितरित संगणनाच्या चौकटीच्या पद्धतीत पाठवणारा आपल्या क्रमाने लिहून तो क्रम सोबत नोंदवतो आणि गरज पडल्यास घेणारा रूपांतर करतो. कॉर्बा या वितरित प्रणालींसाठीच्या प्रमाणकाच्या वर्णनभाषेत (पहिली आवृत्ती १९९१) प्रकारांचा आकारही निश्चित असून ‘लाँग’ हा नेमका ३२ बिटांचा ठरवला आहे. भाषानिरपेक्ष विदाप्रकारांसाठी आयएसओ/आयईसी ११४०४ हे स्वतंत्र प्रमाणक १९९६ मध्ये निघाले व २००७ मध्ये सुधारले गेले.

आज गूगलचे प्रोटोकॉल बफर्स (२००८ पासून खुले), फेसबुकमध्ये सुरू झालेले थ्रिफ्ट आणि अपाची अ‍ॅव्हरो ही साधने परिचित आहेत. कोड आपोआप तयार झाला म्हणजे सुसंगती साधली, हा समज मात्र धोक्याचा आहे. प्रोटोकॉल बफर्समधील ३२-बिट चिन्हरहित (ऋण मूल्ये नसलेला) पूर्णांक जावात चिन्हयुक्त पूर्णांकातच साठवला जातो. सी++ मधून पाठवलेले ४,००,००,००,००० हे मूल्य जावात विशेष काळजी न घेता छापल्यास −२९,४९,६७,२९६ असे दिसते. बिट तेच राहतात, अर्थ बदलतो. थ्रिफ्टने चिन्हरहित पूर्णांक मुळातच वगळले आहेत. भाषांचा समान गाभा तेवढाच घ्यायचा, ही भूमिका अधिक सुरक्षित म्हणावी लागेल.

स्ट्रिंगच्या लांबीबाबत देवनागरी मजकुराला अशा विसंगतीची झळ थेट पोहोचते. ‘महाराष्ट्र’ या शब्दाची लांबी पायथन व जावा १० सांगतात, तर गो भाषेतील ‘लेन’ ही क्रिया यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनातील बाइट मोजून ३० सांगते; वाचणाऱ्याच्या लेखी अक्षरे चारच आहेत. वर्णनात कमाल लांबी नमूद करताना मोजमापाचे एकक लिहिले नाही, तर एका घटकाने स्वीकारलेले नाव दुसरा घटक नाकारू शकतो.

या विषयात एरियन ५ अग्निबाणाच्या ४ जून १९९६ रोजीच्या अपघाताचा दाखला वारंवार दिला जातो. तेथे ६४-बिट फ्लोटिंग पॉइंट संख्या १६-बिट पूर्णांकात मावली नाही हे खरे. पण ते रूपांतर एडा या एकाच भाषेतील आज्ञावलीत झाले होते, म्हणून तो आंतरभाषिक विसंगतीचा दाखला ठरत नाही.

मूल्य शून्य आहे की दिलेलेच नाही, हा भेदही भाषागणिक वेगळा हाताळला जातो. प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या आवृत्तीने (२०१६) साध्या प्रकारांबाबत तो जवळजवळ पुसून टाकला होता. २०२०–२१ च्या सुमारास ‘ऑप्शनल’ ही खूण पुन्हा देऊन तो नोंदवण्याची सोय करण्यात आली.