व्याख्यानमाला, ग्रंथालयीन

छोट्या शहरांतील सार्वजनिक वाचनालयांनी दरवर्षी ठरावीक दिवसांत सलग भरवलेली व्याख्याने, आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेले स्थानिक इतिहास-संस्कृतीविषयक उपक्रम: जुन्या कागदपत्रांची व नाण्यांची प्रदर्शने, मोडी लिपीचे वर्ग, परिसरातील देवळे-गढ्यांची फेरी, ग्रंथदिंडी इत्यादी. व्यवहारात ‘मालेतील पहिले पुष्प’, ‘दुसरे पुष्प’ अशी गणना करतात आणि वक्ता ते पुष्प ‘गुंफतो’.

उगम : वाचनालयाचे स्थापनावर्ष हेच त्याच्या कार्यक्रमांचेही आरंभवर्ष मानण्याची प्रथा संस्थांच्या स्मरणिकांत दिसते. ती सावधपणे घ्यावी लागते. रत्नागिरी (1828), अहमदनगर (1838), नाशिक (1840), पुणे व बेळगाव (1848), कोल्हापूर (1850), सावंतवाडी (1852), चिपळूण व कल्याण (1864) अशी या संस्थांची वर्षे सांगितली जातात. यांपैकी अनेक संस्था ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने वर्गणीवर चालत. वर्गणीदार म्हणजे सरकारी नोकर, वकील, शिक्षक, सावकार. तेथे मुख्यतः वृत्तपत्रे व पुस्तके वाचली जात. ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर आला तरी दार सर्वांना उघडे होतेच असे नाही.

व्याख्यानाची प्रथा वाचनालयांत कोठून आली, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तिचे मूळ मुंबईच्या ज्ञानप्रसारक सभेत आहे. एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेतील विद्यार्थी-शिक्षकांच्या मंडळातून 1848 मध्ये ही सभा निघाली. दादोबा पांडुरंग तिच्याशी निगडित होते आणि तिच्या बैठकींत निबंध वाचले जात. परंतु निबंध वाचणारा आणि ऐकणारा हे दोघेही तेथे सभासदच असत. बाहेरच्या श्रोत्याला बोलावून बसवण्याचा विचार त्यात ठळक नाही. दुसरे मत पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेकडे बोट दाखवते. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने साधारण 1875 पासून ती सुरू झाल्याचे मानतात व पुढे ती वक्तृत्वोत्तेजक सभेच्या नावाशी जोडली गेली. रोज नवा वक्ता, नवा विषय, उन्हाळ्याची सुट्टी आणि संध्याकाळची वेळ हा तिचा साचा तालुक्याच्या गावांनी जवळजवळ जसाच्या तसा उचललेला दिसतो. ‘वसंत’ हे नावही अनेक ठिकाणी तसेच राहिले, मग माला थंडीत का भरेना.

तिसरा विचार कीर्तनाचा. पूर्वरंगात सिद्धान्त, उत्तररंगात आख्यान ही बांधणी आणि सतरंजीवर दोन-दोन तास बसण्याची श्रोत्यांची सवय कीर्तनाने आधीच घडवली होती, हे खरे. तरी त्यातून संस्थात्मक स्वरूप सिद्ध होत नाही. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिले त्याची पूर्वपीठिका म्हणून घेता येईल. सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास आणून उभारलेल्या ग्रंथालय खात्यात फिरती ग्रंथालये आणि चित्रदर्शनाची शाखा होती. मात्र तो राज्याने वरून चालवलेला उपक्रम होता आणि गावच्या वाचनालयाची माला वर्गणी व देणगीवर चालते, म्हणून दोन्हींची तुलना मर्यादितच ठेवावी.

स्थानिक इतिहासाचा प्रवेश : आरंभीच्या मालांचे विषय समाजसुधारणा, अर्थकारण, धर्मविचार असे सर्वसाधारण असत. गावचा इतिहास व्यासपीठावर आला तो इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या कागदपत्र-संशोधनाच्या लाटेबरोबर, असे म्हणण्यास जागा आहे. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्याच्या सभांत जुनी पत्रे, सनदा, महजर (निवाडापत्रे) प्रत्यक्ष वाचून दाखवण्याचा पायंडा पडला. राजवाड्यांच्या निधनानंतर (31 डिसेंबर 1926) धुळ्यास त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघाले. घरोघरीची दप्तरे बाहेर काढण्याची ही दृष्टी तालुक्यांच्या गावांपर्यंत पोचली आणि माळ्यावरचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) वाचनालयाच्या टेबलावर येऊ लागले.

या प्रदर्शनांत कालनिर्णयाची एक चूक वारंवार आढळते. मराठेशाहीतील पत्रांवर पुष्कळदा शुहूर सन (त्या काळी कागदपत्रांत रूढ असलेली सौर कालगणना) अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. उदा., ‘सलास सबैन मया व अलफ’ : सलास 3, सबैन 70, मया 100, अलफ 1000, एकूण 1173. शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो (वर्षाची सुरुवात सूर्याच्या मृग नक्षत्रप्रवेशापासून असल्याने एकाचा फरक पडतो). म्हणजे हे पत्र 1772-73 मधील ठरते. शब्द अरबी म्हणून हाच आकडा हिजरी (इस्लामी चांद्र सनाचा) समजला, तर ते 1759-60 मधले ठरते. तेरा वर्षांच्या या फरकाने थोरल्या माधवरावांच्या अखेरीचे किंवा नारायणरावांच्या कारकिर्दीतले पत्र नानासाहेबांच्या काळात, पानिपताच्या आधी जाऊन बसते. पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत लिहिलेली अशी चिठ्ठी पुढे स्मरणिकेत छापली जाते आणि तेथून गावच्या इतिहासपुस्तिकेत शिरते. मोडी वर्गांत अक्षरवळणाइतकाच वेळ या सनांना दिला जाणे म्हणूनच इष्ट. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली. आता वाचनालयांचे अल्पमुदतीचे वर्ग आणि राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे प्रशिक्षण हेच शिकण्याचे मुख्य मार्ग उरले आहेत.

स्वरूप व अर्थव्यवस्था : कार्यक्रमाची रूढ घडी सर्वपरिचित आहे. दारातल्या फळ्यावर खडूने विषय आणि वेळ लिहितात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळाऐवजी हल्ली पुस्तक, मग व्याख्यान व आभार. आभार लांबले तर मागच्या खुर्च्या आधीच मिटू लागतात. परगावचा वक्ता बहुधा कार्यवाहांच्या किंवा एखाद्या सभासदाच्या घरी उतरतो. व्यासपीठावर न सांगितलेल्या गोष्टी तेथे जेवणानंतर निघतात. त्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

एकेक पुष्प दिवंगत आप्ताच्या स्मृतिप्रीत्यर्थ पुरस्कृत करण्याची पद्धत आहे. देणगीदार एकरकमी ठेव देतो, ती बँकेत मुदतीवर ठेवली जाते आणि व्याजातून मानधन, प्रवास व ध्वनिक्षेपकाचा खर्च भागवायचा असतो. मुद्दल कायम राहिले तरी व्याजदर उतरतात आणि खर्च चढतो. जुन्या ठेवीचे व्याज मग हारतुऱ्यांनाही पुरत नाही. नाव तर बंद करता येत नाही. त्यामुळे दोन-तीन स्मृती एकाच पुष्पात गुंफल्या जातात आणि निमंत्रणपत्रिकेवरची नावांची ओळ लांबत जाते.

शासकीय बाजू तुलनेने सरळ आहे. मुंबई सरकारने 1939 मध्ये ग्रंथालयांच्या विकासासाठी नेमलेली फैजी समिती, कोल्हापूर संस्थानचा 1945 चा ग्रंथालय कायदा आणि 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम हे तिचे टप्पे. मान्यताप्राप्त वाचनालये अ, ब, क, ड या वर्गांत मोडतात व त्यानुसार अनुदान मिळते. अनुदानाचा मोठा वाटा वेतन व ग्रंथखरेदीत जात असल्याने मालेचा भार गावावरच राहतो. जिल्हा ग्रंथोत्सव, मराठी भाषा गौरव दिन (27 फेब्रुवारी), ग्रंथपाल दिन (12 ऑगस्ट) व वाचन प्रेरणा दिन (15 ऑक्टोबर) हे शासकीय दिनदर्शिकेतून आलेले कार्यक्रम. ते छायाचित्र व अहवालापुरते उरण्याची शक्यता स्वतःच्या मालेपेक्षा अधिक असते.

चिपळूणचे उदाहरण : लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे या प्रकारातील लक्षणीय उदाहरण. जानेवारी 2013 मध्ये चिपळूणला भरलेल्या 86 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद या वाचनालयाकडे होते. संमेलनाध्यक्ष नागनाथ कोत्तापल्ले होते. कोकणातील जुन्या वस्तूंचा संग्रहही संस्थेने जमवला. वाशिष्ठीच्या पुराने 2005 व 2021 मध्ये ग्रंथसंग्रहाची हानी झाली. जुनी शाई पाण्यात पसरते आणि भिजलेली पाने वाळताना एकमेकांना चिकटतात. ती सोडवणे हे छापील पुस्तक बदलून आणण्याइतके सोपे नसते. नदीकाठच्या गावांत दुर्मीळ संग्रह वरच्या मजल्यावर हलवणे आणि कागदांच्या डिजिटल प्रती करणे, हे व्याख्यानाइतकेच कार्यक्रमपत्रिकेवर यायला हवेत.

महाराष्ट्राबाहेर : बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची बॅ. नाथ पै यांच्या नावाची व्याख्यानमाला सीमाभागातील मराठी श्रोत्यांत परिचित आहे. गोव्यात मडगावच्या गोमंत विद्या निकेतनसारख्या संस्थांनी वाचनालय आणि व्यासपीठ एकत्र चालवले.