फाइल सर्व्हर घेताना डिस्क आधी, प्रोसेसर नंतर

आठ-दहा कॉम्प्युटरच्या डिझाइन ऑफिसात फाइल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइल्स एका जागी ठेवणारा कॉम्प्युटर, बसवायचा म्हटलं की चर्चा प्रोसेसरपासून सुरू होते. आय-फाइव्ह घ्यावा की आय-सेव्हन? खरं तर नुसत्या फाइल्स देण्याघेण्यात प्रोसेसर बराच वेळ बसूनच असतो. अडतं ते वायरीत.

गिगाबिट नेटवर्क म्हणजे सेकंदाला 100 कोटी बिट, अर्थात 125 मेगाबाइट. वरखर्च वजा जाता हातात साधारण 110 पडतात. म्हणून 2 गिगाबाइटची फ्लेक्सची फाइल यायला 18 सेकंद लागणारच, सर्व्हर कितीही महाग असो. आजची 7200 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 7200 फेऱ्यांची, हार्ड डिस्क सलग वाचताना याहून जास्त वेग सहज देते, तेव्हा अशा फाइल्ससाठी एसएसडीवर, म्हणजे चिपांच्या डिस्कवर, पैसे घालण्यात अर्थ नाही. बारीक फाइल्स हजारोंनी असतील, तर गोष्ट वेगळी. डिस्कची एक फेरी 8.3 मिलिसेकंदांची. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय हेड सरकायला आठेक मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम ऐंशी उड्या झाल्या! एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती हजारोंनी मारते. टॅलीचा डेटा तिच्यावर ठेवा, फ्लेक्स हार्ड डिस्कवर.

हार्ड डिस्क सीएमआर आहे की एसएमआर, हे दुकानात विचाराच. सीएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक शेजारी शेजारी, सुटे असतात. एसएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. लिहिणारं हेड वाचणाऱ्यापेक्षा रुंद असतं, त्यामुळे हे जमतं आणि तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावतो. पण मधलं एक कौल बदलायचं, तर त्या पट्ट्यातली पुढची सगळी पुन्हा रचावी लागतात. एरवी हे जाणवत नाही, कारण डिस्क रिकाम्या वेळात ते उरकते. एकच डेटा ठेवणाऱ्या दोन डिस्कच्या जोडीतली एक मेली आणि नवीवर सगळा डेटा उतरवायला घेतला, की मात्र काम रखडतं. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, खास नॅससाठी (नेटवर्कवर फाइल्स ठेवायच्या पेटीसाठी) विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर निघाल्या. ओरड झाल्यावर कंपनीने मॉडेलांची यादी जाहीर केली.

दोन डिस्क मिरर केल्या, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा ठेवला, की लहान ऑफिसचं भागतं. तो बॅकअप मात्र नव्हे: कुणी फोल्डर उडवला, तर दोन्हीकडून त्याच क्षणी उडतो, आणि फाइल्स अडकवून खंडणी मागणारं रॅन्समवेअरही दोन्हींना कुलूप घालतं. कॉपी झाली की काढून घरी नेता येईल अशी तिसरी डिस्क हवीच.

रॅम शक्यतो ईसीसी, म्हणजे चुका दुरुस्त करणारी, घ्या. तिच्यात 64 बिटांमागे 8 जादा बिट असतात. एखादा बिट उलटला तर ती तो जागच्या जागी दुरुस्त करते, दोन उलटले तर निदान ओरडते. बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंगने 1950 मध्ये मांडलेली ही युक्ती. मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोघांनाही ईसीसी चालते ना, ते पाहा. काही बोर्ड अशी रॅम लावून घेतात, दुरुस्ती मात्र करत नाहीत.

आणि यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा. बहुतेकांकडे ती खोक्यातच राहते. मग बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळतच नाही, आणि तो लिहिता लिहिता बंद पडतो.