जेवणानंतर शुगर लो होणं

जेवल्यावर साधारण दोन ते पाच तासांत रक्तातली साखर प्रमाणाबाहेर खाली येणं. डॉक्टर याला रिअ‍ॅक्टिव्ह हायपोग्लायसेमिया म्हणतात, पुस्तकी मराठीत जेवणोत्तर अल्पशर्करा, आणि गोव्यात घरी-दारी नुसतं 'शुगर लो जाली' म्हणतात. उपाशीपोटी किंवा डायबेटिसच्या औषधानं साखर उतरते ते प्रकरण वेगळं, ते इथं घेतलेलं नाही.

शीत-कढी (भात-कालवण), पाव काहीही खाल्लं की ग्लुकोज रक्तात येतं आणि स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं, आतड्यातलं जीएलपी-१ नावाचं हार्मोन त्याला आणखी जोर देतं. हे इन्शुलिन जास्त सुटलं, किंवा उशिरा सुटून रेंगाळत राहिलं, की साखर गरजेपेक्षा खाली जाते. मग घाम, हातांना थरथर, धडधड, कडकडून भूक, ही सगळी साखर उतरल्यावर जाग्या झालेल्या मज्जासंस्थेची आणि अ‍ॅड्रेनलिनची करामत. डोळ्यांपुढं अंधारी येणं, गोंधळायला होणं, बोलताना अडखळणं हे मात्र मेंदूला साखर कमी पडल्याचं लक्षण, आणि ते जास्त गंभीर.

वाद आहे तो हा आजार नक्की किती जणांना असतो यावर. अमेरिकेतले डॉ. सील हॅरिस यांनी १९२४ मध्ये, म्हणजे इन्शुलिन सापडून जेमतेम दोन-तीन वर्षं झालेली असताना, डायबेटिस नसलेल्यांतही इन्शुलिन जास्त झाल्यासारखी लक्षणं दिसतात असं लिहिलं. पुढं साधारण १९६०-७०च्या सुमाराला तिकडं थकवा, चिडचिड, उदासी, सगळ्याचं खापर याच्यावर फुटायला लागलं, इतकं की १९७३ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनांना हे निदान उगाच फार होतंय असं जाहीरपणे सांगावं लागलं. घोळ होता टेस्टमध्ये. ग्लुकोजचं पाणी पाजून पाच तास रक्त तपासत राहिलं तर ठणठणीत माणसांतही साधारण दहातल्या एकाची साखर (१०० मिली रक्तात) ५० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा खाली उतरते, आणि त्याला काही होतही नाही. नुसतं ग्लुकोजचं पाणी जेवण म्हणून पितं कोण?

म्हणून हल्ली अमेरिकन सर्जन व्हिपल यांची तिहेरी अट धरतात: त्रास व्हायला हवा, त्याच वेळी साखर कमी (बहुधा ५५ मिलिग्रॅमच्या खाली) मोजलेली हवी, आणि साखर चढली की त्रास जायला हवा. टेस्टही नेहमीसारखं मिश्र जेवण देऊन करतात. हे जास्त पटण्यासारखं आहे. बोट टोचायचं मशीन इतक्या खालच्या आकड्यांवर फारसं भरवशाचं नाही, लॅबचा आकडा खरा. दंडावर लावायचा सेन्सर तर त्या कुशीवर झोपलात तरी खोटा लो दाखवतो.

सिद्ध झालेल्या केसेस बऱ्याचदा जठराचं ऑपरेशन झालेल्यांच्या असतात, लठ्ठपणासाठी बायपास केलेल्यांना त्रास बहुधा वर्ष-दीड वर्षानंतर सुरू होतो. डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्यांत तो तीन ते पाच तासांनी होतो. इन्शुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होण्याचा दुर्मीळ प्रकार जपानमध्ये १९७०च्या सुमाराला नोंदला गेला.

गोव्याच्या दृष्टीनं दारूचा मुद्दा सोडून चालत नाही. १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये निरोगी लोकांना रिकाम्या पोटी जिन आणि गोड टॉनिक दिलं, तेव्हा नुसत्या टॉनिकपेक्षा इन्शुलिन जास्त सुटलं आणि साखर जास्त खाली आली. फेणी किंवा हुर्राक (काजूच्या रसाची हलकी दारू) गोड सोड्यात घालून जेवणाआधी घेणाऱ्यांना हेच लागू पडावं, कारण गणित दारू आणि साखरेचं आहे, ती काजूची की जिनमधल्या जुनिपर फळाच्या वासाची याचं नाही. दुपारच्या डुलकीचा मात्र याच्याशी संबंध जोडू नये, भरपेट जेवून झोप येते तेव्हा साखर बहुधा व्यवस्थितच असते.

उपाय आहारातलेच: थोडं थोडं खाणं, भाताबरोबर मासळी, कडधान्य, भाजी घेणं, गोड रिकाम्या पोटी टाळणं. उकड्या तांदळानं साखर पॉलिशच्या तांदळापेक्षा बहुधा सावकाश चढते. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर अ‍ॅकार्बोज देतात, ते पिष्टाचं पचन लांबवतं, आणि पोटात वायूही भरपूर करतं.